खंडाची मुदत संपली, शेत मोकळं होईना



आज आपण बोलणार आहोत खंडानं, वाट्यानं किंवा भाड्यानं दिलेल्या जमिनीबद्दल. ठरलेली मुदत संपते, पण घेणारा माणूस जमीन सोडत नाही. "एवढं पीक निघू दे," म्हणतो. मग "पुढच्या पाडव्याला बघू," म्हणतो. आणि एक दिवस म्हणतो, "जमीन मी कसतोय, मला कोण उठवतंय?" गटांच्या बैठका घेत गावोगाव फिरताना हा प्रश्न आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येतो. बैठक संपल्यावर, बाकीच्या बाया उठून गेल्या की एखादी ताई मागं थांबते आणि हळूच विचारते, "माझ्या शेताचं काय करू?"

असं बहुतेक बायांच्याच वाट्याला का येतं? कारण जमीन दुसऱ्याला द्यायची वेळ आपल्यावर जास्त येते. नवरा वारला, मुलं लहान आहेत किंवा पुण्या-मुंबईला आहेत. कुणाला माहेरच्या जमिनीत हिस्सा मिळाला. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, पण ती नांदते दुसऱ्या तालुक्यात. रोज बांधावर जाणं जमत नाही. मग शेजाऱ्याला, भाऊबंदाला, ओळखीच्या माणसाला तोंडी बोलीवर जमीन दिली जाते. वर्षाचे चार पैसे येतात, घर चालतं. तीच जमीन अडकली की पैसेही थांबतात आणि हक्कही टांगणीला लागतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. ताबा परत मिळणार की नाही, हे कोर्टात जाण्याच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. जमीन देताना आपण काय ठरवलं आणि मुदत संपल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय केलं, यावर ते ठरतं. म्हणून कोर्टाबरोबर त्याआधीच्या दिवसांबद्दलही आज बोलू.

एक उदाहरण धरून चालू

समजा, एका ताईची तीस गुंठे बागायत जमीन आहे. नवरा नाही. तिनं ती शेजारच्या शेतकऱ्याला तोंडी बोलीवर एका वर्षासाठी ठोक्यानं दिली. पाडव्याला दिली, पुढच्या पाडव्याला सोडायची. शेतकऱ्यानं पावसाळ्यात आडसाली ऊस लावला. आता आडसाली ऊस म्हणजे सोळा ते अठरा महिन्यांचं पीक. वर्ष संपलं तेव्हा ऊस उभाच होता. ताई म्हणाली, "तुटू द्या, मग सोडा." कारखान्याची तोड उशिरा आली. ऊस गेला, पण खोडवा राखला. त्यानं खोडव्याच्या वर्षाचे पैसे ताईच्या हातावर ठेवले, ताईनं घेतले. असं करता करता चौथं वर्ष उजाडलं. आता ताई म्हणते, "माझा मुलगा शेती करणार आहे, जमीन सोडा." तो म्हणतो, "मी कूळ आहे."

यात ताईनं वाईट काय केलं? काहीच नाही. माणुसकीनं वागली. पण तिच्या हाती कागद नाही, तारीख नाही, आणि दरवर्षी घेतलेल्या पैशांची साक्ष मात्र पूर्ण गावात आहे. या उदाहरणावरूनच पुढचं सगळं समजून घेऊ.

आधी बघा, जमीन कसली आहे

पहिला प्रश्न हा विचारायचा की जमीन शेतीची आहे की मोकळी जागा, म्हणजे गाळा, शेड, गिरणी, वीटभट्टी अशा कामाला दिलेली. दोन्हींचे कायदे वेगळे आहेत आणि दारंही वेगळी आहेत. शेतजमिनीला कूळ कायदा लागतो, आणि त्यात तहसीलदारांची भूमिका मोठी आहे. बिनशेती मोकळ्या जागेला १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो आणि तो वाद दिवाणी कोर्टात जातो. एकीचा सल्ला दुसरीला लागू पडत नाही तो यामुळेच.

कूळ म्हणजे कोण?

पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणात जो कूळ कायदा लागू आहे तो १९४८ चा. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कायदा आहे आणि मराठवाड्यात जुना हैदराबादचा १९५० चा. आज आपण १९४८ च्या कायद्याबद्दल बोलतोय. विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींनी आपापल्या कायद्याप्रमाणे विचारून घ्यावं.

हा कायदा का झाला, हे आधी लक्षात घेऊ. त्या काळी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या माणसाला सावकार, जमीनदार मनात येईल तेव्हा हाकलून देत. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व घेऊन कायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. आज आपल्यातल्या कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावर जमीन आहे ती याच कायद्यामुळं. म्हणून कूळ कायद्याला शत्रू समजू नका. तो दुबळ्या माणसासाठी झालेला कायदा आहे. अडचण अशी की आज जमीन देणारी बाईच कधीकधी दोघांतली दुबळी असते.

आता, कूळ कुणाला म्हणायचं? दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस कूळ मानला जातो. याला तीन अपवाद आहेत. मालकाच्या कुटुंबातला माणूस कूळ होत नाही. पगारावर ठेवलेला गडी किंवा मालकाच्या देखरेखीखाली काम करणारा मजूर कूळ होत नाही. आणि जमीन गहाण घेऊन ताबा ठेवणारा कूळ होत नाही.

पण बारकावा नीट ऐका. गड्याचा पगार रोख असेल किंवा धान्याच्या ठरलेल्या पोत्यांत असेल तर तो पगारी गडी. त्याला पिकातला वाटा दिला, तर हा अपवाद त्याला लागत नाही. "मी तर अर्धेलीनं दिली, खंडानं नाही, मग कूळ कसं लागेल?" असं बऱ्याच जणी म्हणतात. तसं नाही, ताई. अर्धेली, तिर्धेली, बटई यातूनही कूळहक्काचा दावा उभा राहू शकतो. आणि दीर, पुतण्या हे नातेवाईक असले, तरी वाटण्या होऊन चुली वेगळ्या झाल्या असतील तर "कुटुंबातला माणूस" हा अपवाद आपोआप लागेल असं धरून चालू नका. हे वकिलाला विचारूनच ठरवा.

दुसरा बारकावा. "मी कूळहक्क सांगणार नाही" असं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की झालं, हा समज चुकीचा आहे. माणूस खरोखर कूळ असेल तर कायदा कराराच्या वर आहे. नुसती मुदत संपली म्हणून कुळाला काढता येत नाही. खंड थकवला, जमिनीची नासाडी केली, दुसऱ्याला पोटखंडानं दिली, स्वतः कसली नाही, शेतीऐवजी दुसऱ्याच कामाला लावली, अशी कायद्यात दिलेली कारणं लागतात आणि तीन महिन्यांची लेखी नोटीस लागते. कृषक दिनानंतर लागलेल्या कुळालाही जमीन विकत मागण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे, मात्र तो कूळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत, मालकाला आणि शेतजमीन न्यायाधिकरणाला कळवून बजावावा लागतो. म्हणून जमीन कधीपासून दिली, ती तारीख दोन्ही बाजूंना महत्त्वाची असते.

विधवा बाईसाठी या कायद्यानं वेगळा विचार केलेला आहे, आणि तो बऱ्याच जणींना माहीत नसतो. विधवा, अज्ञान मूल, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि सैन्यातला जवान यांची जमीन गड्यामार्फत, मजुरांमार्फत किंवा अगदी कुळामार्फत कसली गेली, तरी ती त्यांनी स्वतः कसली असं कायदा मानतो. कृषक दिनाला ज्या जमिनींची मालक विधवा होती, तिथं कुळाचा खरेदीचा हक्क पुढं ढकलला गेला होता, तोही याच विचारातून. त्यामुळं आपल्या उदाहरणातल्या ताईनं अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं पाहिजे की ती विधवा आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि जमीन दिली तेव्हाही होती. सोबत पतीच्या मृत्यूचा दाखला आणि वारस नोंदीचा फेरफार जोडायचा. ही बाब मांडलीच नाही तर तिचा फायदा कुणी आपणहून देणार नाही.

वाद कुठल्या दारात जातो?

शेतजमिनीचा वाद बहुतेक वेळा असा फिरतो. मालकीण दिवाणी कोर्टात दावा लावते की मुदत संपली, ताबा द्या. समोरचा कैफियत देतो की मी कूळ आहे. कूळ आहे की नाही, हा प्रश्न ठरवण्याचा अधिकार दिवाणी कोर्टाला नाही, तो तहसीलदारांना आहे. म्हणून कोर्ट तो मुद्दा तहसीलदारांकडं पाठवतं आणि दावा तोवर थांबतो. तहसीलदार दोन्हीकडचे जबाब आणि कागद बघून निर्णय देतात. त्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडं अपील, त्यावर महाराष्ट्र महसूल न्यायाधिकरणाकडं फेरतपासणी, आणि नंतर उच्च न्यायालय. सगळं झाल्यावर उत्तर परत दिवाणी कोर्टात येतं आणि थांबलेला दावा पुढं चालतो. यात वर्षं जातात. "मी कूळ आहे" हे तीन शब्द म्हणायला सोपे आहेत, पण त्यांनी दावा थांबतो, आणि तेवढा काळ ताबा समोरच्याकडंच राहतो. म्हणून या तीन शब्दांना उत्तर देणारे कागद दावा लावायच्या आधीच गोळा केलेले हवेत.

माणूस कूळ असल्याचं मान्य असेल आणि कायदेशीर कारण असेल, तर ताब्यासाठी थेट तहसीलदारांकडं अर्ज करायचा. ताबा मागण्याचा हक्क निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तो करावा लागतो. तहसीलदारांच्या हुकमाशिवाय कुळाकडून ताबा घेता येत नाही.

आणखी एक जुना पण उपयोगी कायदा आहे, १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम. रस्ता अडवला, पाणी अडवलं म्हणून आपण ज्याखाली तहसीलमध्ये अर्ज करतो, तोच. वहिवाट किंवा करार संपल्यामुळं शेतजमिनीचा ताबा मिळायला हवा, अशी मागणीही त्यात करता येते. पण मुदत फक्त सहा महिन्यांची. सातव्या महिन्यात गेलात तर हे दार बंद.

दिवाणी दाव्याचे टप्पेही एकदा ऐकून ठेवा, म्हणजे वकील काय बोलतोय ते कळेल. आपण दावा लावतो, म्हणून आपण वादी. समोरच्याला समन्स जातं, तो प्रतिवादी. तो तीस दिवसांत कैफियत देतो, कोर्टाच्या परवानगीनं नव्वद दिवसांपर्यंत. मग कोर्ट वादाचे मुद्दे काढतं. आपला सरतपास, समोरच्याच्या वकिलाकडून उलटतपास, युक्तिवाद, निकाल आणि हुकूमनामा. हुकूमनामा हातात आला म्हणजे शेत हातात आलं असं नाही. तो सोडत नसेल तर दरखास्त द्यावी लागते, मग कोर्टाचा बेलीफ येऊन ताबा देतो. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत आहे, पण तेवढं थांबायचं कशाला? निकाल लागला की लगेच दरखास्तीचं विचारा.

गाळा, शेड, भट्टीसाठी दिलेली जागा

आता बिनशेती मोकळ्या जागेकडं येऊ. रस्त्याकडंचे दोन गुंठे कुणाला टपरीला, कुणाला गॅरेजला दिलेले असतात. इथं कूळ कायदा नाही. ठरलेली मुदत संपली की भाडेपट्टा संपतो आणि जागा परत देणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. मुदत ठरली नसेल आणि महिन्याचं भाडं असेल, तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन पट्टा संपवता येतो.

पण मुदत संपल्यावर तो बसून राहिला आणि आपण भाडं घेतलं, तर कायदा म्हणतो की मालकाची संमती आहे, पट्टा पुढं चालू झाला. महिन्याचा असेल तर महिना-महिना. म्हणजे आपल्याच हातानं आपण त्याला नवी मुदत दिली. आपण भाडं घेतलं नाही आणि जागा सोडा असं लेखी कळवलं, तर त्याचं बसणं बेकायदेशीर ठरतं. मग ताब्याबरोबरच, तो बसला तितक्या दिवसांची भरपाईही मागता येते. ती जुन्या भाड्याइतकीच असते असं नाही, त्या जागेला बाजारात जे भाडं आलं असतं त्या हिशोबानं मागायची. दावा चालू असताना त्यानं कोर्टात दरमहा पैसे भरावेत, असा अर्जही करता येतो. वकिलाला या दोन्ही गोष्टी आठवणीनं सांगा.

एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावाच लागतो. पाच वर्षांचा करार नोटरीपुढं केला आणि नोंदवला नाही, तर तो पाच वर्षांचा म्हणून कोर्टात टिकत नाही. आणि जागेवर बांधलेला गाळा किंवा घर भाड्यानं दिलं असेल तर काही ठिकाणी भाडे नियंत्रण कायदा लागतो, त्याचे नियम निराळे आहेत.

हातून निसटणाऱ्या तीन गोष्टी

पहिली, पैसे. मुदत संपल्यावर समोरचा पैसे घेऊन दारात आला, तर गरज असते, हात पुढं जातो. पण ते पैसे मुदतवाढीचा पुरावा होतात. हल्ली तर दारात यायचीही गरज नाही, फोनवरून परस्पर खात्यावर टाकतात. खात्यावर पैसे आले आणि आपण गप्प बसलो तरी त्याचा अर्थ संमती असा लावला जाऊ शकतो. म्हणून आले तसे त्याच मार्गानं परत पाठवा आणि सोबत लिहा की मुदत अमुक तारखेला संपली आहे, खंड नको, ताबा द्या. तो संदेश पुसू नका. मागची बाकी वसूल करायची असेल तर पावतीवर स्पष्ट लिहा की ही रक्कम मुदतीच्या आतल्या अमुक वर्षाची आहे.

दुसरी, गप्प बसणं. तोंडी सांगितलेलं कोर्टात सिद्ध करणं अवघड. मुदत संपायच्या आधीच लेखी नोटीस पाठवा, पोस्टानं आणि पोच मिळेल अशा पद्धतीनं. पोच जपून ठेवा. त्यानं नोटीस घेतली नाही, पाकीट परत आलं, तर ते न फोडता तसंच ठेवा.

तिसरी, जबरदस्ती. चार माणसं नेऊन कुंपण घातलं, उभ्या पिकात नांगर घातला, मोटारीची वायर तोडली, तर बाजू आपली असूनही आपणच आरोपी होतो. कायदेशीर मार्गाशिवाय ज्याचा ताबा काढला, तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हे कोर्ट बघतही नाही. ज्यांना राग आवरत नाही अशा घरातल्या पुरुषांना हे आधीच सांगून ठेवा.

"बारा वर्षं कसली की जमीन त्याची," असं पारावर सर्रास बोललं जातं. खंडानं, भाड्यानं घेतलेल्या जमिनीचं तसं नसतं. आपल्या परवानगीनं आलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी तेवढ्यानं मालक होत नाही. आणि ज्याच्याकडून जमीन खंडानं घेतली, त्याची मालकीच नाही असं तो ताब्यात राहून म्हणू शकत नाही. मात्र बारा या आकड्याचा दुसरा अर्थ खरा आहे. भाडेपट्टा संपल्यापासून बारा वर्षांच्या आत ताब्याचा दावा लावावा लागतो. म्हणजे बारा वर्षांची भीती आहे, पण ती झोपून राहणाऱ्या मालकाला.

नात्यातल्या माणसाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाद गोव्यातला, सख्ख्या बहीण-भावाचा. बहिणीच्या मालकीच्या घरात भाऊ राहत होता आणि ताबा सोडत नव्हता. न्यायालयानं सांगितलं की राखणदार, नोकर किंवा मायेपोटी राहू दिलेला नातेवाईक कितीही वर्षं राहिला तरी त्याला मालमत्तेत हक्क मिळत नाही, मालकानं मागितल्यावर ताबा परत द्यावा लागतो. तो वाद घराचा होता, कुळाचा नव्हता, हेही ध्यानात असू द्या. पण ज्यांनी भावाकडं किंवा पुतण्याकडं जमीन नुसती सांभाळायला दिली आहे, त्यांना या निकालाचा आधार आहे.

जमीन देण्याआधी काय करावं?

सगळ्यात सुरक्षित म्हणजे शेती आपल्या देखरेखीखाली करणं. पेरणी, नांगरणी ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्यानं, मजूर रोजावर, बियाण्या-खताच्या पावत्या आपल्या नावावर, ऊसाची नोंद आणि बिल आपल्या नावावर. हे जमत असेल तर उत्तम. पण प्रत्यक्षात ठोक्यानं द्यायची आणि कागदावर मात्र "पगारी गडी" लिहायचं, असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तहसीलदार आणि कोर्ट कागदाबरोबर वस्तुस्थितीही तपासतात.

द्यायचीच असेल तर लेखी द्या. कागद केला तर कूळ लागेल, या भीतीनं लोक तोंडी देतात. पण तोंडी दिल्यानं कूळ कायदा टळत नाही, उलट "दहा वर्षांपासून कसतोय" असं म्हणायला समोरचा मोकळा राहतो. कागदावर निदान तारीख असते. त्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, रक्कम, कुठलं पीक घ्यायचं आणि कुठलं नाही, हे सगळं लिहा. पिकाचं कलम विसरू नका. एका वर्षासाठी जमीन दिली तर त्यात आडसाली ऊस बसत नाही, खोडवा तर नाहीच. डाळिंब, द्राक्ष, आंबा अशी फळबाग लावायची नाही, विहीर-बोअर आपल्या लेखी परवानगीशिवाय घ्यायचं नाही, हेही लिहा. मुदतीला पीक उभं राहिलं तर काय, तेही लिहा. अमुक तारखेपर्यंत काढून न्यायचं, त्यानंतर हक्क नाही. जमिनीवरून होणाऱ्या कितीतरी भांडणांचं मूळ या उभ्या पिकात असतं.

सातबारा वर्षातून दोनदा तरी काढून बघा. कुळाच्या रकान्यात आणि इतर हक्कांच्या रकान्यात नवं नाव आलंय का ते तपासा. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवरून करायची असते. खातेदार म्हणून ती आपण वेळेत करावी आणि रानात जे पीक खरोखर उभं आहे तेच नोंदवावं. दुसऱ्या कुणाची वहिवाट लावायची असेल तर तलाठ्यानं परस्पर नाव लावायचं नसतं. नमुना चौदामध्ये नोंद करून तहसीलदारांकडं पाठवावं लागतं आणि चौकशी होते. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सातबाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानली जाते, म्हणून ती वेळेवर अडवणं सोपं, नंतर काढणं अवघड.

आपण घेणाऱ्या बाजूला असू तेव्हा

आपल्यातले कितीतरी गट स्वतः खंडानं जमीन घेऊन भाजीपाला, रोपवाटिका करतात. भूमिहीन बायांसाठी तेवढाच आधार असतो. मग आज ऐकलेलं सगळं उलट्या बाजूनंही लागू आहे. पैसे दिल्याची पावती घ्या. करार गटाच्या नावानं आणि ठरावासह करा. मालकानं मध्येच, उभ्या पिकात हाकललं तर गप्प बसू नका. सहा महिन्यांच्या आत दावा करता येतो, कूळ असाल तर तहसीलदारांकडं दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. आणि मुदत संपली, पीक निघालं, की ताबा दिल्याचा लेखी कागद करून जमीन परत द्या. एखाद्या विधवेची जमीन अडकवून गटाचं भलं होत नाही. शिवाय गावात एका गटानं जमीन अडवली तर पुढं कुठल्याच गटाला कुणी जमीन देणार नाही.

मदत कुठं मिळेल?

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," असं म्हणतात. खरंच आहे, पण जिच्यावर वेळ आली तिनं पायरी चढताना एकटीनं चढू नये. बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलं आहे. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथं साधा अर्ज आणि ओळखपत्र द्यायचं. वकिलाची फी आणि कोर्ट फी त्यात येते. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. दोघंही तडजोडीला तयार असतील तर लोकअदालतीत वाद मिटवता येतो. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील होत नाही. म्हणून सही करण्याआधी ताबा देण्याची तारीख त्यात स्पष्ट लिहिली आहे का, ते वाचूनच घ्या.

समोरचा माणूस आपल्याआधी कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणेल अशी शंका असेल, तर वकिलाला कॅव्हेट लावायला सांगा. मग आपल्याला कळवल्याशिवाय कोर्ट हुकूम देत नाही. कॅव्हेट नव्वद दिवस चालतं, नंतर पुन्हा लावावं लागतं.

आता आपल्या उदाहरणातल्या ताईकडं बघू. तिनं काय करावं? या वर्षीचे पैसे घेऊ नयेत. पतीच्या मृत्यूचा दाखला, वारस फेरफार, गेल्या चार वर्षांचे सातबारे, ऊस कुणाच्या नावावर गेला त्याची कारखान्याची माहिती, बँकेचं पासबुक, हे सगळं एका पिशवीत गोळा करावं. विधी सेवा समितीच्या वकिलाकडून नोटीस पाठवावी. त्याआधी गावातल्या दोन जाणत्या माणसांसमोर शेजाऱ्याशी एकदा बोलावं, खोडवा तुटला की सोडायचं असं ठरलं तर त्याच बैठकीत तारखेसह लिहून दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. ऐकलं तर वाद तिथंच मिटेल. नाही ऐकलं तर त्या बैठकीचे साक्षीदार तिला पुढं उपयोगी पडतील.

येत्या बैठकीत प्रत्येक गटानं एक काम करावं. आपल्यातल्या किती जणींनी जमीन दुसऱ्याला दिली आहे, कधी दिली, मुदत कधी संपते, हे गटाच्या वहीत मागच्या पानावर लिहून काढा. कर्जाच्या हप्त्याची तारीख आपण जशी चुकवत नाही, तशी ही तारीखही गटानं मिळून लक्षात ठेवायची. जिची मुदत दोन महिन्यांवर आली, तिच्या नोटिशीचं आधी बघा.